खिडकीतला नमुना

दुर्गेश्वरी लग्न होऊन दवनीवाड्याला आली, तेव्हा सासूनं, म्हणजे तुलसाबाईंनी, पहिल्याच दिवशी तिला एक सल्ला दिला होता. "सासऱ्याले चहा देशीन तं कप काठोकाठ भरून देजो वो. नाहीतं मोजतेत."

ही थट्टा आहे असं दुर्गेश्वरीला वाटलं. आठवड्याभरात तिला कळलं, की तुलसाबाई थट्टा करत नव्हत्या.

जीवनलाल रहांगडाले गुरुजींनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर शिकवायला पोरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी गावात येणाऱ्या मालाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आगपेटीवर पन्नास काड्या लिहिल्या असतील, तर ओसरीवर पेटी उलटी करून ते काड्या मोजत. साबणाची वडी सोनाराकडून आणलेल्या जुन्या काट्यावर चढवत. त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी होती. तिच्यात तो काटा, दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर, परीक्षानळ्या आणि दुधात पीठ कालवलंय का ते पाहायची आयोडीनची तपकिरी बाटली, असा सगळा दारूगोळा भरलेला असे. गवळी त्यांच्या घरावरून जायचा टाळून तळ्याच्या पाळीनं, बांधावरून जात असे, आणि विचारलं तर म्हणे, की तिकडनं रस्ता चांगला आहे. तिकडे रस्ताच नव्हता.

अशा घरात २००९ सालच्या दिवाळीनंतर दुर्गेश्वरीला जुळ्या मुली झाल्या.

दोघी किरकोळ, पण आवाजानं खणखणीत. दुर्गेश्वरीचं दूध दोघींना पुरेना. एक पिऊन झोपली की दुसरी जागी, आणि दुसरीच्या वाट्याला रडण्याशिवाय काही उरत नसे. तुलसाबाईंनी मेथीचे लाडू केले, अळिवाची खीर केली, शेजारणींनी सांगितलेलं सगळं करून पाहिलं. महिन्यानं गोंदियाच्या बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी मुलींचं वजन पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. आधी दोघींना अंगावर पाजायचं, ते सोडायचं नाही; पण वरून दिवसातून तीनदा डब्याची पावडर द्यायची, असं त्यांनी सांगितलं. "आणि वरचं दूध, गाईचं किंवा म्हशीचं, वर्षाची होईपर्यंत नाही," असं दोनदा बजावलं.

दुर्गेश्वरी परतीच्या वाटेवर दोघी मुलींकडे पाहत राहिली. आपल्याच अंगात कमी पडलं, हे तिच्या मनात सलत होतं. नवरा धनेंद्र गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन दोन आहेत. एकीले पुरलं असतं का नाही?" एवढंच बोलला, पण तिला बरं वाटलं.

घरी डबा आल्या आल्या गुरुजींनी तो हातात घेतला. पाळण्याकडे न पाहता त्यांनी भिंग काढलं. डब्यावर सगळ्यांत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की बाळासाठी आईचं दूधच सर्वोत्तम.

"हे पहा," गुरुजी म्हणाले, "आपला माल दुसऱ्याच्या मालापेक्षा हलका आहे, असं हा डबा स्वतः सांगून राहिला."

"कायद्यानं लिहावं लागते, मामाजी," दुर्गेश्वरी हळूच म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

"म्हनजे खरं लिहाले कायदा लागला. मंग जे कायद्याशिवाय लिहिलं, त्याचा काय भरवसा?"

त्यांनी खालची बारीक छपाई वाचायला घेतली. व्हिटॅमिन ए इतकं, सी इतकं, डी इतकं. काडी मोजता येते, वडी जोखता येते. पण पांढऱ्या पिठातलं व्हिटॅमिन कसं मोजायचं? दोन दिवस गुरुजींना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना संघदीप मेश्राम आठवला. गावातलाच मुलगा, त्यांचा विद्यार्थी, आता नागपूरला खाण्याच्या वस्तू तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत होता. गुरुजींनी फोन लावला. पलीकडे संघदीप बहुधा उभा राहूनच बोलत असावा. तपासून देतो म्हणाला, पण यंत्रावर गर्दी आहे, महिना-दीड महिना थांबावं लागेल.

गुरुजी थांबले, पण रिकामे थांबले नाहीत. धनेंद्रला सांगून त्यांनी एकाच खेपेचे डबे आणवले. एक डबा फोडून त्यांनी स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बरणीत ओतला. बरणीवर चिठ्ठी चिकटवली: 'नमुना क्रमांक १', खाली तारीख, खाली सही. पावडरीला दमट हवा लागून गोळे होऊ नयेत म्हणून बरणी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली, जिथे हिवाळ्यात दिवसभर ऊन येई. रोज सकाळी आंघोळ झाली की ते झाकण उघडत, कोरड्या चमच्यानं पावडर वरखाली करत, हुंगत, आणि झाकण लावत. देवपूजेला त्या घरात एवढी शिस्त नव्हती.

"नातिनींले असं रोज पाहाल तं बरं होईन," तुलसाबाई म्हणाल्या.

"त्यांच्याचसाठी करून राहिलो," गुरुजी म्हणाले. आणि ते खरंही होतं. मुलींना पावडर मात्र दुसऱ्या डब्यातूनच जात होती, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापानं, आणि दोघींच्या गालांवर हळूहळू मांस चढत होतं.

माघात नमुना नागपूरला गेला आणि पंधरा दिवसांत अहवाल आला. गुरुजींनी पाकीट ओसरीवर, चार माणसांसमोर फोडलं. व्हिटॅमिन सी: डब्यावर साठ, निघालं अडतीस. व्हिटॅमिन ए सुद्धा तिसरा हिस्सा कमी. गुरुजींचा चेहरा असा काही फुलला, की वाटावं मुलगा कलेक्टर झाला.

"मी काय म्हनलो होतो?"

कोणी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पिठाच्या चक्कीवर सांगितलं, ग्रामपंचायतीत सांगितलं, गोंदियाच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. कंपनीला पाठवायच्या तक्रारीचा कच्चा खर्डा चार पानांचा झाला. आणि संध्याकाळी त्यांनी सुनेसमोर लोटाभर दूध ठेवलं. "शेजारच्या गाईचं आहे. मी स्वतः तपासलं. पाण्याचा थेंब नाही. उद्यापासून हेच द्यायचं."

दुर्गेश्वरीनं लोटा घेतला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, सासऱ्यांना तिनं उलट शब्द कधी दिला नव्हता. आताही दिला नाही. त्या दुधाचा तिनं चहा केला, सगळ्यांना दिला, गुरुजींना काठोकाठ कप दिला, आणि मुलींना डब्याचीच पावडर कालवून पाजली. तुलसाबाईंनी पाहिलं आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, कोणी आत येऊ नये म्हणून.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी शामकलाबाईच्या घरची बातमी आली.

शामकलाबाई दोन घरं सोडून राहायची. तिची मुलगी बाळंतपणानंतर आजारी पडून नागपूरच्या दवाखान्यात होती, आणि चार महिन्यांचा नातू आजीजवळ, डब्याच्या पावडरीवर वाढत होता. गुरुजींनी चक्कीवर सांगितलेलं तिनं कान देऊन ऐकलं आणि त्याच दिवशी पावडर बंद करून पोराला म्हशीचं दूध पाणी घालून सुरू केलं. पोराला जुलाब लागले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं मीठसाखरेचं पाणी देऊन सावरलं आणि चांगलं झापलं, पण पावडर काही ती पुन्हा सुरू करायला तयार नव्हती.

दुर्गेश्वरी पाहायला गेली, तेव्हा पोर मांडीवर मलूल पडलं होतं. "डॉक्टरनं सांगतलं ना, मावशी?" ती म्हणाली.

"डॉक्टर लहान हाये वो. गुरुजीनं त्यालेबी शिकवलं असन. गुरुजी म्हनतेत डबा खोटा, तं खोटाच."

दुर्गेश्वरी तडक घरी आली. आतापर्यंत तिला सासऱ्यांच्या या खटाटोपाचं मनातून हसूच येत असे. आज आलं नाही. तिनं फडताळातला अहवाल काढून पहिल्यापासून वाचला. आकड्यांच्या वर एक ओळ होती, जी ओसरीवर कोणी वाचली नव्हती: 'नमुना पारदर्शक काचेच्या बरणीत प्राप्त.' ती ओळ तिनं दोनदा वाचली आणि मग खिडकीकडे पाहिलं. बरणी ठेवायची तिथे अजून उन्हाचा चौकोन पडला होता.

दुर्गेश्वरी मूळची अर्जुनी मोरगावची. बी.एस्सी.ला गोंदियाला होती तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली एक फळी तिच्या ओळखीची होती. तिच्यावर सगळ्या बाटल्या तपकिरी. उजेडानं जे बिघडतं ते त्या फळीवर. आणि इथे दीड महिना, भर उन्हात, रोज झाकण उघडून!

आता हे सांगायचं कसं? 'मामाजी, तुम्ही चुकलात', हे वाक्य त्या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. तुलसाबाईसुद्धा ते भिंतीला उद्देशून म्हणत.

दुपारी गुरुजी ओसरीवर लोखंडी पेटी उघडून बसले होते. काटा पुसत होते. दुर्गेश्वरी पदर सावरून दाराशी उभी राहिली.

"मामाजी, एक विचारू?"

"विचार."

"ही आयोडीनची बाटली तपकिरी काऊन असते?"

गुरुजींनी मान वर केली. दहा वर्षांत त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला, आणि भाषाही पुस्तकातली. "काही पदार्थांचे प्रकाशामुळे विघटन होते. तपकिरी काच प्रकाशाचा बराचसा भाग अडवते. म्हणून असे पदार्थ तपकिरी बाटलीत, थंड व अंधाऱ्या जागी, झाकण घट्ट लावून..."

इथे ते थांबले.

काटा पुसायचं फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग मान वळवून खिडकीकडे. आत एक मुलगी कुरकुरली आणि तुलसाबाईंनी तिला थोपटल्याचा आवाज आला.

"व्हिटॅमिन सी उजेडानं जाते?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाज वर्गातला नव्हता.

"उजेडानं, हवेनं, ऊबेनं. तिन्हीनं," दुर्गेश्वरी म्हणाली. "व्हिटॅमिन ए पन जाते."

"हे तू वाचलं का पाहिलं?"

"वाचलं."

"मंग पाहू," गुरुजी म्हणाले आणि उठले. या एका गोष्टीसाठी दुर्गेश्वरीनं त्यांना पुढे सगळं माफ केलं. दुसरा कोणी असता तर पेटी मिटून शेतावर निघून गेला असता.

संघदीपनं उरलेला नमुना बरणीसकट परत पाठवला होता. दुर्गेश्वरीनं नवा डबा फोडला, त्याच खेपेचा. गुरुजींनी काट्यावर दोन्ही पावडरी सारख्या जोखल्या आणि दोन पेल्यांत सारख्या पाण्यात कालवल्या. दुर्गेश्वरीनं भाताचा निवलेला मांड आणून दोन्हींत चमचा चमचा घातला. मांडात आयोडीन पडलं की निळं होतं, हे गुरुजींना ठाऊकच होतं. गवळ्याला त्यांनी त्यावरच धरलं होतं. पण व्हिटॅमिन सी असेल तोवर ते आयोडीनला खाऊन टाकतं आणि निळा रंग टिकत नाही. जितकं व्हिटॅमिन जास्त, तितके थेंब जास्त लागतात.

"तुम्ही टाका, मामाजी. तुम्हीच मोजा."

बरणीतल्या पावडरीचा पेला आधी. गुरुजी काचेच्या नळीनं आयोडीनचे थेंब सोडत, दुर्गेश्वरी ढवळत असे. निळसर छटा येई आणि विरून जाई. आठव्या थेंबाला पेल्यातला निळा राखी रंग गेला नाही. तुलसाबाई मुलीला खांद्यावर घेऊन येऊन उभ्या राहिल्या.

मग डब्यातली पावडर. सहा, सात, आठ. आठव्याला रंग आला आणि गेला. नऊ. दहा. अकरा. गुरुजींचे ओठ हलत होते, पण आकडा मोठ्यानं म्हणणं त्यांनी सोडून दिलं होतं. तेराव्या थेंबाला रंग राहिला.

"म्हनजे चोर घरातच होता," तुलसाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी नळी धुतली, बाटलीला बूच लावलं, सगळं पेटीत जागच्या जागी ठेवलं. मग टोपी घातली. "डबा दे एक, न फोडलेला," ते सुनेला म्हणाले. "आणि तू चाल माझ्यासंगं. मी सांगन तं त्या बाईले खरं वाटन, पन तिनं काही विचारलं तं मले सांगता येनार नाही."

शामकलाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. गुरुजी बाजेवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"शामकलाबाई, मी चुकीचं सांगतलं. डबा बरोबर होता. खराबी माझ्या हातून झाली, मी तो उन्हात ठेवला. पोराले डॉक्टर म्हनते तशी पावडर द्या."

शामकलाबाईनं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "गुरुजी, तुमी आमच्या मोठ्याले एका गणितापाई तासभर अंगठे धरून उभं केलं होतं."

"केलं होतं."

"मंग आता तुमाले किती वेळ उभं करू?"

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "तुमी म्हनान तेवढा."

तिला हसू आलं. पण तिनं डबा लगेच घेतला नाही. आधी दुर्गेश्वरीला विचारलं, तू तुझ्या पोरींना काय देऊन राहिली? दुर्गेश्वरीनं खरं सांगितलं, की आईचं दूध आणि डब्याची पावडर, आणि मधले चार दिवससुद्धा तेच. हे गुरुजींनाही तिथेच पहिल्यांदा कळलं. ते थोडे चमकले. तेव्हा शामकलाबाईनं डबा घेतला आणि चुलीवर पाणी उकळायला ठेवलं.

पुढचे दोन दिवस गुरुजी ज्या ज्या ठिकाणी आधी सांगून आले होते, तिथे तिथे पुन्हा गेले. चक्कीवर गेले, ग्रामपंचायतीत गेले. बसमधला माणूस मात्र सापडला नाही. त्याची त्यांना फार दिवस रुखरुख होती. लोकांना आधीच्या बातमीपेक्षा ही बातमी जास्त आवडली. चक्कीवाल्यानं तर ती त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतली, दर वेळी नवं गिऱ्हाईक आलं म्हणून.

न फोडलेला एक डबा धनेंद्र स्वतः नागपूरला देऊन आला. या वेळचा अहवाल आला तो गुरुजींनी चार माणसांसमोर फोडला नाही. आतल्या खोलीत, सुनेसमोर फोडला. व्हिटॅमिन सी: डब्यावर साठ, निघालं एक्क्याऐंशी. व्हिटॅमिन ए सुद्धा लिहिल्यापेक्षा जास्त.

कमी निघालं असतं तर गुरुजींना समजलं असतं. जास्त निघालेलं त्यांना अजिबात पचेना. आजवर त्यांच्या काट्यावर कोणी लिहिल्यापेक्षा एवढं जास्त दिलं नव्हतं. "काऊन?" ते म्हणाले. "कायले देतेत हे जास्तीचं? काहीतरी लबाडी आहे."

दुर्गेश्वरीनं संघदीपला फोन लावला आणि गुरुजींना आणि दारात आलेल्या तुलसाबाईंना ऐकू येईल असा फोनचा आवाज मोठा केला. संघदीपनं समजावलं, की डबा दुकानात वर्ष-दीड वर्ष राहू शकतो, तेवढ्यात काही व्हिटॅमिनं आपोआप कमी होतात. म्हणून बनवणारे आधीच वाढवून घालतात. डब्यावरचा आकडा तारीख संपायच्या दिवशीही पुरला पाहिजे.

"पन वाढवून किती?" गुरुजींनी विचारलं. "लेकराले जास्तीचं बाधलं तं?"

"बाधू शकते, गुरुजी. व्हिटॅमिन ए आणि डी फार झालं तं चांगलं नाही. त्याची वरची हद्द ठरलेली आहे. हा डबा हद्दीत आहे, मी तेही पाहिलं."

"ते पहिल्यांदाच काऊन नाही सांगतलं? बरणीचं?"

संघदीप म्हणाला, "मले बरणी पाहूनच शंका आली होती. पन तुमची सही होती ना तिच्यावर."

तुलसाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. गुरुजींनी फोन ठेवला आणि तक्रारीचा चार पानी खर्डा फडताळातून काढला. कोरी बाजू वापरता येईल म्हणून तो फाडला मात्र नाही.

फाल्गुनात शामकलाबाईची मुलगी बरी होऊन परत आली. नातवानं आईला ओळखलं नाही आणि भोकाड पसरलं, म्हणून दोघी रडल्या, आणि मग दुपारपर्यंत तो तिच्या कडेवरून उतरेना. त्याच आठवड्यात गुरुजी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी काहीतरी बोलून आले आणि जेवताना सुनेला म्हणाले, "शनिवारी सातवीच्या वर्गावर तुले तो थेंबांचा प्रयोग दाखवाचा आहे. लिंबाच्या रसानं दाखव, पावडर नको. मी हो म्हनून आलो."

"मले न विचारता?"

"विचारलं असतं तं तू नाही म्हनली असती."

शनिवारी मुली तुलसाबाईंजवळ राहिल्या. वर्गात चाळीस पोरं, आणि शेवटच्या बाकावर, गुडघे बाकाला लागत असताना, गुरुजी. दुर्गेश्वरीचा आवाज आधी कापत होता, मग सुरळीत झाला. तिनं एका मुलीला पुढे बोलावून थेंब टाकायला लावले, सगळा वर्ग मोठ्यानं मोजत होता. एका मुलानं विचारलं, की लिंबू कापून ठेवलं तर त्यातलंही जातं का? किती वेळात? दुर्गेश्वरी म्हणाली, की जातं, पण किती वेळात ते तिला माहीत नाही. आज एक कापून ठेवू आणि सोमवारी मोजू.

शेवटच्या बाकावरून हात वर झाला. गुरुजी उभे राहिले. "त्यासाठी दोन लिंबं पायजेत. एक उजेडात, एक अंधारात. आणि दोन्ही एकाच झाडाची. शिवाय वजन..."

"मामाजी," दुर्गेश्वरी म्हणाली, "बसा. त्यांना सुचू द्या."

वर्ग श्वास रोखून पाहत होता. या माणसाला कोणी बसवलेलं त्यांच्या बापांनीही पाहिलं नव्हतं. गुरुजी बसले.

घरी येताना तळ्याच्या पाळीपर्यंत ते तिच्यापुढे झपाझपा चालत राहिले. तिला वाटलं, राग आला. मग ते म्हणाले, "आवाज अजून मोठा पायजे. शेवटच्या बाकावर अर्धं ऐकू येत नाही." आणि दहा पावलं गेल्यावर विचारलं, "गोंदियाले बी.एड.चे फॉर्म कधी निघतेत, ते धनेंद्रले पाहाले सांगशीन का मी सांगू?"